परीक्षा पास न झालेला शिक्षक

गेल्या वर्षी जुलै महिन्यातली गोष्ट. आमच्या एम. आय. रूमच्या व्हरांड्यात अकरावीचे आम्ही अठरा कॅडेट रांगेत उभे होतो. उंची, वजन, छाती, दात, कान असे एकेक पार पडत होते. दर वर्षी डोळ्यांच्या तपासणीत भिंतीवरची अक्षरे वाचून दाखवायची असत आणि ती मला अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचता येत. त्या दिवशी मात्र बाहेरून नेत्रतज्ज्ञ डॉक्टर आले होते आणि त्यांच्या हातात रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक होते. प्रत्येक पानावर ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्यात लपलेला आकडा. माझ्या पुढच्या मुलाने एका पानावर ७४ वाचला. माझी पाळी आली तेव्हा त्याच पानावर मला २१ दिसला, तोही स्वच्छ. मी मोठ्या आवाजात एकवीस म्हटले. मागे कोणीतरी हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आणखी चार पाने उलटली. त्यांतल्या दोन पानांवर मला आकडाच सापडला नाही.

लाल आणि हिरवा हे रंग मला इतरांसारखे दिसत नाहीत, हे मला वयाच्या सोळाव्या वर्षी असे कळले. सहावीत या शाळेत आलो तेव्हापासून माझ्या कपाटाच्या दाराला आतून एका लढाऊ विमानाचे चित्र चिकटवलेले आहे. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की रोजच्या जगण्यात याने फारसे अडत नाही, पण पायलट होता येणार नाही. मी थँक यू सर म्हणून बाहेर आलो. संध्याकाळी गेम्सला गेलो, मेसमध्ये जेवलो, प्रेपला बसलो. कोणाला काही कळू दिले नाही.

रविवारी घरी फोन केला. बाबा सैन्यात सुभेदार आहेत आणि तेव्हा ते सीमेवर होते. फोन आईने घेतला. मी सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली की तुझ्या मामालाही हेच आहे. मामा मिरचीच्या रानात तोडणीला गेला की हिरवीबरोबर लाल मिरचीही तोडून आणतो आणि आजी त्याला हसत हसत दोन्ही वेगळ्या करायला बसते, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आमच्याकडे ती थट्टेची गोष्ट होती. पुढच्या रविवारी कळले की मध्यंतरी आत्या येऊन गेली आणि बोलून गेली की आमच्या घराण्यात असे कधी नव्हते, हे तुझ्या माहेरचे आले. हे सांगताना आई रडत नव्हती. ती माझी माफी मागत होती. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त जड गेले.

हे खरेच आईकडून येते का, असे मी आमच्या जीवशास्त्राच्या सरांना विचारले. सरांनी लगेच उत्तर दिले नाही. मासिकाच्या मराठी पानासाठी ग्रेगोर मेंडेल यांच्यावर लेख लिही, उत्तर तुला वाटेत सापडेल, असे म्हणून त्यांनी लायब्ररीतून दोन पुस्तके काढून दिली. मला मेंडेल माहीत होते ते पाठ्यपुस्तकातल्या एका चौकटीपुरते. चष्मा लावलेले एक पाद्री आणि शेजारी वाटाण्याची शेंग. त्या चौकटीबाहेर केवढा माणूस उभा आहे, हे मला माहीत नव्हते.

त्यांचे जन्मनाव योहान. जन्म १८२२ सालच्या जुलै महिन्यातला, हाइन्झेनडॉर्फ नावाच्या छोट्या खेड्यातला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन यांनी नेपोलियनच्या काळातील युद्धांत सैनिक म्हणून नोकरी केली होती आणि नंतर ते गावी येऊन शेती करत होते. शेती म्हणायची, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराच्या रानात वेठबिगारी करावी लागे. उरलेल्या दिवसांत स्वतःचे शेत आणि फळबाग. झाडावर कलम कसे बांधायचे, हे योहान वडिलांकडून आणि गावच्या पाद्रींकडून शिकला. दोन बहिणी, एक मोठी आणि एक धाकटी. हा एकुलता एक मुलगा, म्हणजे शेत त्यानेच सांभाळायचे हे ठरलेलेच होते. पण मुलगा हुशार निघाला आणि गावच्या शिक्षकांच्या सांगण्यावरून आईवडिलांनी त्याला बाहेरगावी शिकायला पाठवले.

१८३८ साली वडिलांच्या अंगावर झाडाचा ओंडका पडला आणि छातीला जबर मार बसला. त्यानंतर त्यांच्याने पूर्वीसारखे काम झाले नाही. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून स्वतःचे शिक्षण रेटू लागला. अर्धपोटी राहणे, आजारी पडणे, महिनोन्महिने अंथरुणाला खिळणे, हे तेव्हापासून त्याच्या मागे लागले ते कायमचेच. पुढे ओलोमौत्स या शहरात शिकायला पैसे नव्हते, तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा भावाला दिला. भाऊ ते विसरला नाही. पुढे हातात चार पैसे आल्यावर त्यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणाला मदत केली.

पोटाची चिंता मिटावी आणि शिकता यावे, म्हणून १८४३ साली ते ब्रनो शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाले. तिथे त्यांना ग्रेगोर हे नवे नाव मिळाले. हा मठ साधासुधा नव्हता. तिथे मोठे ग्रंथालय होते, बाग होती, आणि मठाधिपती नाप यांना शेती आणि मेंढीपालनातल्या वंशसुधारणेत रस होता. काही वर्षांनी मेंडेल यांना आजारी माणसांच्या भेटीला जाऊन धीर देण्याचे काम दिले. इतरांच्या वेदना पाहून ते स्वतःच आजारी पडत. नाप यांनी हे ओळखले आणि १८४९ साली त्यांना झ्नोइमो गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवले. मुलांना ते शिक्षक आवडले आणि मेंडेल यांनाही आपले काम सापडले. त्यांना शिक्षक व्हायचे होते.

कायम शिक्षक होण्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागे. १८५० साली ते व्हिएन्नाला जाऊन परीक्षेला बसले आणि नापास झाले. नापास झाले तेही ज्या विषयासाठी आज जग त्यांना ओळखते त्या निसर्गविज्ञानातच कच्चे ठरून. नाप यांनी त्यांना मागे न ओढता दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवले. तिथे त्यांनी डॉप्लर यांच्याकडे भौतिकशास्त्र आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकले, आणि गणितही शिकले. परत येऊन १८५४ पासून ब्रनोच्या शाळेत पुन्हा बदली शिक्षक. १८५६ साली परीक्षेची दुसरी संधी घेतली. या वेळी प्रकृतीने दगा दिला आणि परीक्षा अर्धवट सोडून ते परतले. त्यानंतर त्यांनी ती परीक्षा कधीच दिली नाही. चौदा वर्षे ते त्या शाळेत शिकवत राहिले, पण कागदोपत्री शेवटपर्यंत बदली शिक्षकच राहिले.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. ज्या वर्षी परीक्षेचे दार कायमचे बंद झाले, त्याच १८५६ साली त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग सुरू केले.

आई-वडिलांचे गुण मुलांत उतरतात, हे सगळ्यांना माहीत होते. पण कसे उतरतात? त्या काळी बहुतेकांना वाटे की दोघांचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. मेंडेल यांनी बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण आणले. दोन वर्षे ते नुसते लावून पाहिले, पिढ्यानपिढ्या आपला गुण जसाच्या तसा देतात की नाही याची खात्री केली आणि २२ वाण प्रयोगासाठी ठेवले. मग सात गुण निवडले, तेही असे की ज्यांत मधले काही नाही. बी गोल किंवा सुरकुतलेले, पिवळे किंवा हिरवे, झाड उंच किंवा बुटके, अशा जोड्या.

वाटाण्याच्या फुलात परागीभवन आतल्या आतच होते. म्हणून कळी उमलण्याआधी ती अलगद उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाच्या फुलाचे परागकण आणून लावायचे आणि दुसरे काही शिरू नये म्हणून फुलाला पिशवी बांधायची. हे एका फुलाचे काम झाले. अशी त्यांनी आठ वर्षांत, म्हणजे १८६३ पर्यंत, सुमारे २८ हजार झाडे हाताळली. शाळेचे तास सांभाळून, एका अरुंद पट्ट्याएवढ्या बागेत.

गोल बियांचे झाड आणि सुरकुतलेल्या बियांचे झाड यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळ्या बिया गोल निघाल्या. सुरकुती गेली कुठे? त्यांनी त्या गोल बिया पेरल्या आणि त्या झाडांचे स्वपरागीभवन होऊ दिले. दुसऱ्या पिढीत सुरकुती परत आली. इथपर्यंत इतरांनीही पाहिले असेल. मेंडेल यांनी पुढचे काम केले. ते मोजायला बसले. ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या. पिवळ्या-हिरव्या रंगाच्या प्रयोगात ६,०२२ पिवळ्या आणि २,००१ हिरव्या. सातही गुणांत हिशेब जवळपास तोच आला, तीनास एक.

हे मला कळावे म्हणून मी प्रेपमध्ये वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिले. प्रत्येक गुणासाठी झाडाकडे दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. पुढच्या पिढीला देताना दोहोंपैकी एकच चिठ्ठी जाते आणि कोणती जाईल हे नशिबावर. गोल म्हणजे गो, सुरकुतलेले म्हणजे सु. पहिल्या पिढीतले प्रत्येक बी गोसु. गो प्रभावी, म्हणून बी दिसायला गोल. पण सु मेलेला नाही, तो नुसता गप्प आहे. आता गोसु आणि गोसु यांच्या चिठ्ठ्या जुळवल्या की चार शक्यता होतात. गोगो, गोसु, सुगो आणि सुसु. पहिल्या तीन गोल दिसतात, चौथी सुरकुतलेली. तीनास एक.

हिशेब खरा असेल, तर दिसायला गोल असलेल्या तीन बियांपैकी दोघींच्या पोटात सु लपलेला असला पाहिजे. मेंडेल यांनी तेही तपासले. गोल बियांपासून ५६५ झाडे वाढवली. त्यांतल्या १९३ झाडांना फक्त गोल बिया आल्या आणि ३७२ झाडांना दोन्ही प्रकारच्या. एकास दोन. ड्रिल मैदानावर उस्ताद जसे रांग पुन्हा पुन्हा तपासतात, तसे ते स्वतःचाच हिशेब तपासत होते. एकाच वेळी दोन गुण घेऊनही त्यांनी मोजणी केली. ५५६ बियांत ३१५ गोल पिवळ्या, १०८ गोल हिरव्या, १०१ सुरकुतलेल्या पिवळ्या आणि ३२ सुरकुतलेल्या हिरव्या. म्हणजे सुमारे ९:३:३:१. आकाराची चिठ्ठी आणि रंगाची चिठ्ठी एकमेकींना न विचारता जातात, हा त्याचा अर्थ.

१८६५ सालच्या ८ फेब्रुवारीला आणि ८ मार्चला त्यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळासमोर हे सगळे वाचून दाखवले. पुढच्या वर्षी निबंध छापला गेला. त्यांनी ४० जादा प्रती मागवल्या आणि काही जाणकारांना पाठवल्या. म्युनिकचे प्राध्यापक नेगेली यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार झाला. पण नेगेली यांना वाटाण्याचे हे गणित पटले नाही. मेंडेल यांनी मग नेगेली यांच्या अभ्यासातल्या हॉकवीड या वनस्पतीवर काम केले. तिची फुले इतकी बारीक की डोळ्यांवर ताण येऊन त्यांना काम थांबवावे लागले. शिवाय हॉकवीड बहुधा परागीभवनाशिवायच बी धरते, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. तिथे तीनास एक हे गुणोत्तर येणेच शक्य नव्हते.

१८६८ साली ते मठाधिपती झाले. शिकवणे सुटले, प्रयोग मागे पडले. हवामानाच्या नोंदी आणि मधमाश्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. १८७० साली ब्रनोवर चक्रीवादळाची सोंड उतरली, तेव्हा त्यांनी तिचेही बारकाईने वर्णन लिहून ठेवले. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे असे मानून ते शेवटपर्यंत एकटे भांडत राहिले. ६ जानेवारी १८८४ रोजी ते गेले. शहराने एका आदरणीय मठाधिपतीला निरोप दिला. त्यांनी वाटाणे मोजले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात होते. त्यांचे बरेचसे कागद नंतर मठातच जाळले गेले.

१९०० साली द व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तीन देशांतल्या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून तेच नियम पुन्हा समोर आले. जुने निबंध चाळताना त्यांना मेंडेल भेटले. चिठ्ठीला पुढे जनुक हे नाव मिळाले. १९१० साली न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या फळमाश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि काही जनुके एक्स गुणसूत्रावर बसलेली असतात हे कळले. १९११ साली विल्सन यांनी माणसातले लाल-हिरवे रंगांधत्वही त्याच रस्त्याने येते हे मांडले. आणि ज्या पुस्तकात मला २१ दिसला, ते १९१७ साली इशिहारा नावाच्या जपानी लष्करी डॉक्टरांनी सैन्यभरतीच्या तपासणीसाठी तयार केले होते.

आता माझा हिशेब. स्त्रीकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलाला एक्स मिळते ते आईकडून, वडिलांकडून मिळते ते वाय. म्हणून बाबांकडून हे मला येणे शक्यच नव्हते. आत्या तेवढ्यापुरती बरोबर होती. आईच्या दोन एक्सपैकी एकावर ही चिठ्ठी आहे. दुसरी चांगली चिठ्ठी तिच्यावर पांघरूण घालते, म्हणून आईला सगळे रंग दिसतात. मला दुसरे एक्सच नाही, म्हणून पांघरूण नाही. मामाला ही चिठ्ठी आजीकडून आली. आजीला ती तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून. त्यामागे आणखी कोणीतरी. किती पिढ्या ती गप्प बसून चालत आली, हे कोण सांगणार? माझ्या धाकट्या भावाला सगळे रंग नीट दिसतात. त्याच आईने त्याला दुसरी चिठ्ठी दिली. मी निवडली नाही, त्याने निवडली नाही, आणि आईने तर मुळीच निवडली नाही.

आपल्याकडे मुलगी झाली की सुनेला बोल लावणारी घरे अजून आहेत. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून एक्स आले की वाय यावर ठरते. पण मेंडेल यांचा हिशेब समजला, तर बोल वडिलांनाही लावता येत नाही. चिठ्ठी देणारा ती वाचून देत नाही.

सरांना मराठी येत नाही, म्हणून लेख पूर्ण झाल्यावर मी त्यांना तो हिंदीत सांगितला. नापास झाल्यामुळे मेंडेल मोठे झाले, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. सरांनी विचारले की हे खरे आहे का. मी विचार केला आणि ते वाक्य काढले. त्यांना हवे होते ते मिळालेच नाही. आणि जे मिळाले ते मिळाल्याचे त्यांना कधी कळले नाही. त्यांच्या हातात होती ती फक्त पुढची कळी, पुढची शेंग आणि पुढची नोंद. ती त्यांनी नीट केली.

विमानाचे चित्र अजून माझ्या कपाटाच्या दारावर आहे. ते काढावे असे वाटत नाही. माझ्यासाठी पुढे कोणते दार उघडेल ते अजून ठरायचे आहे. सध्या बारावीचे गणित आहे आणि पहाटेची पी. टी. आहे.

मागच्या रविवारी मी फोनवर आईला गो आणि सुपासून सगळे समजावले. वीस मिनिटे लागली. तिने मध्येच थांबवून दोन शंका विचारल्या आणि दोन्ही बरोबर विचारल्या. माझे संपल्यावर तिने विचारले की ते शिक्षक पुढे ती परीक्षा पास झाले का. मी म्हणालो, नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. पण हे गप्प राहणे जुलैतल्यासारखे नव्हते. मग म्हणाली की हे सगळे तुझ्या आत्यालाही एकदा सांग, पण नीट, न भांडता. आणि नेहमीप्रमाणे विचारले की जेवलास का.